पेपर हातात आला की ब्लँक, गेटबाहेर आलं की सगळं आठवतं, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरकडच्या एका गावातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्स. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते, पुस्तक मिटताना सगळं येतंय असं वाटतं, पण टेस्टचा पेपर हातात पडला की हात गार, पोटात कालवाकालव, डोक्यात काहीच नाही, आणि पेपर देऊन गेटच्या बाहेर आली की उत्तरं धडाधड आठवतात. तिचं विचारणं असं की माझी मेमरी वीक आहे का, मला काही मानसिक आजार आहे का, आई मेडिकलमधून मेमरीचं टॉनिक आणूया म्हणते ते घेऊ का, आणि मेंदू बायोलॉजीत आणि मन सायकॉलॉजीत असं वेगवेगळं शिकवतात तर माझं जे होतंय ते नेमकं कशात बसतं. जाता जाता हेही विचारलंय की डिग्रीला सायकॉलॉजी घेऊ का, घरचे नर्सिंग म्हणतात.

मी बेळगावातच बरीच वर्षं पीयू कॉलेजात बायोलॉजी शिकवते, मधे काउन्सेलिंगचं शिक्षणही रीतसर घेतलं, त्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा हे बघ, उत्तर तू स्वतःच लिहिलंयस. गेटच्या बाहेर आठवतं. जे डोक्यात साठलेलंच नाही ते गेटबाहेर कुठून येणार गं? म्हणजे साठवण ठीक आहे, अडतंय ते बाहेर काढताना. मेमरी म्हटलं की पोरांना एकच वस्तू वाटते, कुणाची स्ट्राँग कुणाची वीक, पण सायकॉलॉजीत तिचे सरळ तीन टप्पे धरतात, आत घेणं, टिकवणं आणि गरजेला बाहेर काढणं, आणि तिन्ही वेगवेगळे बिघडू शकतात. तुझा तिसरा बिघडतोय आणि तोही फक्त हॉलमध्ये. याला वीक मेमरी म्हणत नाहीत.

आता मेंदूत हे कुठं घडतं ते. कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबच्या पोटात हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, डावीकडं एक उजवीकडं एक. तो काय करतो हे जगाला कळलं ते एका ऑपरेशनमुळं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या २७ वर्षांच्या माणसाला फिट्सचा भयंकर त्रास होता म्हणून विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढून टाकला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, बोलणं नीट, बुद्धी नीट, लहानपणच्या आठवणीही बऱ्याचशा जागेवर, पण नवीन काही डोक्यात राहीना. ब्रेंडा मिल्नर नावाच्या सायकॉलॉजिस्ट त्याच्याकडं वर्षानुवर्षं गेल्या आणि दरवेळी तो त्यांना पहिल्यांदाच भेटतोय असं भेटला. त्यांनी त्याला एक काम दिलं, कागदावर दुहेरी रेषेची चांदणी, हात आणि कागद थेट दिसत नाही, आरशात बघूनच दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघ एकदा घरी, हात उलटाच पळतो. हेन्री पहिल्या दिवशी चुकला, दुसऱ्या दिवशी कमी चुकला, तिसऱ्या दिवशी झकास जमलं, आणि त्याला विचारलं तर म्हणे हे मी कधी केलेलंच नाही. म्हणजे हाताला आठवतंय आणि त्याला नाही. तिथून कळलं की माहिती लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि सवयीनं हाताला बसणाऱ्या कामांची वेगळी. सायकल, टू व्हीलर, भाकरी थापणं हे सगळं दुसऱ्या गटात. सरावानं हात बसतो, म्हणून मी पोरांना म्हणते आकृत्या बघू नका, काढा. हेन्री २००८ मध्ये वारला, तोपर्यंत पुस्तकांत त्याचं नाव एच. एम. एवढंच छापायचे.

पेशीच्या पातळीवर बघायचं तर तुमच्या फर्स्ट पीयूसीच्या न्यूरल कंट्रोलच्या धड्यात सगळं आहे, फक्त पोरं ते हार्मोन्सच्या धड्याशी आणि स्वतःशी जोडून बघत नाहीत. मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या पेशी, वजन जेमतेम १.३ ते १.४ किलो, शरीराच्या दोन टक्के, पण बसल्याजागी खर्च होणाऱ्या एनर्जीतली जवळजवळ वीस टक्के हाच खातो. (आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते साफ खोटं आहे, एवढा खर्चिक अवयव शरीर नव्वद टक्के रिकामा कशाला ठेवेल.) न्यूरॉन स्वस्थ असताना आतल्या बाजूला बाहेरच्यापेक्षा साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात, सिग्नल आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर जातो आणि परत जागेवर. इथं नेहमीची चूक सांगते, पोरं लिहितात की वायरमधून करंट जातो तसा इम्पल्स जातो. तसं नाही. आयन आडवे आतबाहेर होतात आणि ती गडबड पुढं पुढं सरकते, आणि मायलिनचं आवरण असलेल्या जाड तंतूत ती सेकंदाला शंभर मीटरच्या पुढं जाते. दोन न्यूरॉनच्या मधे फट असते, सिनॅप्स, साधारण २० नॅनोमीटर, तिथं बहुतेक ठिकाणी रसायन सोडून निरोप पोचवावा लागतो. आणि आठवण म्हणून जे काही आहे ते मुख्यतः या फटींवरच ठरतं. टिम ब्लिस आणि टेर्जे लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसवर दाखवलं की एखाद्या सिनॅप्समधून भराभर सिग्नल पाठवले की नंतर तासन् तास तोच सिनॅप्स जास्त जोरात प्रतिसाद देतो. वापरलेली जोडणी घट्ट होते, एवढं ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

आता हॉलमध्ये काय होतं बघ, मला यात सगळ्यात रस आहे.

जांबोटीच्या रस्त्यावर संध्याकाळी वळणावर अचानक गवा समोर आला तर शरीर जे करेल तेच ते प्रश्नपत्रिका बघून करतंय. मेंदूतला अमिग्डाला धोका म्हणाला की मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस सिम्पथेटिक नर्व्हज, म्हणजे शरीराला धोक्यासाठी तयार करणाऱ्या नसा, चालू करतो आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा आतला भाग, मेड्युला, रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन ओततो. काही सेकंदांचं काम. हृदय पळतं, पायाच्या मोठ्या स्नायूंना रक्त जास्त मिळावं म्हणून कातडीकडच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात गार. आतड्याकडचं रक्त कमी होतं, पचन थांबतं, म्हणून पोटात कालवतं. लाळ आटते. घाम फुटतो, आणि इथं एक गंमत, घामाच्या ग्रंथींना जाणारी नर्व्ह सिम्पथेटिकच असते पण तिथं सोडलं जाणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलिन असतं, हा प्रश्न कॉम्पिटिटिव्हला विचारतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन फिजिऑलॉजिस्टनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला लढा किंवा पळा असं म्हटलं. तुझ्या शरीरात बिघाड झालेला नाही, ते अगदी नीट काम करतंय, फक्त गवा समोर नाहीय आणि पळायचंही नाहीय, एका बाकावर तीन तास बसायचंय.

हे झालं पहिलं पथक. दुसरं सावकाश येतं. हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यानं पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, ते रक्तातून अ‍ॅड्रिनलच्या बाहेरच्या भागाला, कॉर्टेक्सला, पोचतं आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तयार होतं. रक्तात ते वर चढायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. आणि हिप्पोकॅम्पसवर कॉर्टिसॉलचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, भरपूर असतात. २००० च्या आसपास झालेल्या प्रयोगांत लोकांना कॉर्टिसोन (शरीरात त्याचं कॉर्टिसॉल होतं) देऊन बघितलं तर आधी पाठ केलेलं बाहेर काढणं कमी झालं. तेव्हा गेटच्या आत अडतं त्यात या दोन्ही पथकांचा हात असावा. पेपर दिला, धोका संपला, कातडीला रक्त परत आलं, डोकं मोकळं. त्यात जादू काही नाही.

थोडी भीती मात्र पाहिजेच. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर दाखवलं की अवघड काम शिकायचं असेल तर ताण फार कमी असूनही चालत नाही आणि फार जास्त असूनही. ज्या पोराला परीक्षेची काहीच पडलेली नाही त्याचाही पेपर कोराच असतो, ते आपण वर्गात बघतोच की.

मग भीती हातानं खाली आणता येते का? येते, थोडी. आत्ताच करून बघ. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेव, अंगठा नको, अंगठ्याला स्वतःची नाडी लागते. आता हळू श्वास घे, मग त्याहून हळू सोड. नीट लक्ष दिलंस तर घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब जातात. तुझ्या वयाच्या पोरापोरींत हे छान कळतं. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडं येणाऱ्या व्हेगस नर्व्हचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो, म्हणून. आणि ही व्हेगस तीच, जिच्यामुळं नर्व्ह रसायनानं बोलते हे सिद्ध झालं. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, झोपेतच कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच परत सुचलं तेव्हा उठून थेट लॅबमध्येच गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगसला झटका दिला, ते मंद झालं, त्याच्याभोवतीचं पाणी काढून दुसऱ्यावर घातलं, तर तेही मंद झालं, जरी त्याच्या नर्व्हला कुणी हात लावला नव्हता. १९२१ मध्ये हे छापून आलं, १९३६ मध्ये नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन.

तेव्हा पेपर वाचायला सुरुवातीला जो वेळ देतात त्यात सगळे प्रश्न अधाशासारखे वाचत सुटू नकोस. पहिली दोन मिनिटं श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांब, एवढंच. भराभर मोठे श्वास मात्र घेऊ नकोस, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना मुंग्या, डोकं हलकं, मग अजून घाबरायला होतं. त्यानंतर जो प्रश्न हमखास येतो तो आधी लिही, एक मार्काचा असला तरी. आपल्यात पोरं पहिला प्रश्न म्हणजे पहिलाच लिहायचा म्हणून अडून बसतात, कुठं लिहिलंय तसं?

पण श्वासानं निम्मंच भागतं. कारण तुला घरी येतंय असं जे वाटतं ना, त्यातही गडबड आहे.

पन्नासची नोट रोज हातात असते. न बघता सांग, मागच्या बाजूला कसलं चित्र आहे? नव्या निळसर नोटेवर हंपीचा दगडी रथ आहे, आपल्याच राज्यातला, आणि तरी वर्गात निम्मी पोरं गप्प बसतात. नोट दाखवली तर लगेच हां हां म्हणतात. बघितल्यावर ओळखणं आणि न बघता आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तू रात्री दोन वाजता तिसऱ्यांदा तोच धडा वाचतेस तेव्हा डोकं ओळखत असतं, हां हे माहितीय, हेही माहितीय, आणि त्या ओळखीला तू येतंय समजतेस. पेपरात मात्र न बघता काढायचं असतं, ज्याची प्रॅक्टिस तू घरी केलेलीच नाहीस.

हे माझं मत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि तीन वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर चारदा वाचणारे पुढं, ८३ टक्के विरुद्ध ७१. पण आठवड्यानं विचारलं तर उलट, वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून बघणाऱ्यांना ६१. म्हणजे ज्या रीतीनं आज छान वाटतं तीच आठवड्यानं दगा देते. वर सिनॅप्सचं सांगितलं, वापरलेली जोडणी घट्ट होते, तर बाहेर काढणं हाच वापर आहे गं.

म्हणून करायचं काय, तर मासिक पाळीचा तो हार्मोन्सचा ग्राफ घे, सेकंड पीयूसीला आहेच. एकदा नीट वाच. पुस्तक पालथं घाल. कोऱ्या कागदावर आडवी रेघ, १ ते २८ दिवस, आणि एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन चार रेषा काढ. अडशील. एलएचचा उंच सुळका कुठं, साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास का तेराव्या, प्रोजेस्टेरॉन आधी चढतो का नंतर, पेन थांबेल. थांबलं म्हणून लगेच पुस्तक उघडू नको, मिनिटभर तिथंच झगड, मग उघडून लाल पेननं दुरुस्त कर. हे फार त्रासाचं वाटतं आणि वाचण्यापेक्षा आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, पण हाच अभ्यास आहे, बाकी नुसती पानं उलटणं. उद्या परत काढ, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, अर्थ नसलेले तुटक उच्चार पाठ करून, दाखवलं की विसरणं सुरुवातीला धडाधड होतं आणि मग मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब लांब.

मराठी मीडियममधून आलेल्यांना अजून एक अडचण असते आणि त्याला तुमची हुशारी जबाबदार नाही. एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा लहान असते, जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये सात, दोन कमी-जास्त असं म्हटलं होतं, आता बरेच जण चारच्या आसपास मानतात. त्यातली निम्मी जागा इंग्लिशचं वाक्य लावण्यातच गेली तर बायोलॉजीला काय उरतं. तेव्हा आधी मराठीत समजून घे. आईला स्वयंपाकघरात उभी राहून सांग, कॉर्टिसॉल कुठून येतं, पाळी कशानं येते, ती शहाणी असेल तर मधेच का म्हणून विचारेल आणि तिथंच तुला कळेल कुठं पोकळ आहे. मग तेच इंग्लिशमध्ये लिही. पोरं याला डबल काम म्हणतात, माझ्या बघण्यात यानंच वेळ वाचतो.

झोपेचं आता. दोन वाजता झोपून पहिली बस धरायला साडेपाचला उठायचं म्हणजे साडेतीन तास. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन उशिरा चढायला लागतं म्हणून रात्री लवकर झोप येत नाही हेही खरंच आहे, सगळा दोष मोबाईलला देऊ नये, थोडा दे. झोप एकसारखी नसते, साधारण नव्वद मिनिटांची फेरी असते, रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त आणि पहाटेकडं रेम जास्त, जिच्यात डोळे पापणीआड हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात. ही रेम १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी नोंदवली. तू साडेपाचला उठतेस तेव्हा पहाटेचा अख्खा तुकडाच कापून टाकतेस. आणि दिवसभर शिकलेलं पक्कं करायचं मोठं काम झोपेत होतं, १९२४ मध्येच जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं होतं की पाठ करून झोपलं तर जागं राहण्यापेक्षा कमी विसरतं. चहानं काय होतं, जागं असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि झोप आणतं, कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. अ‍ॅडिनोसिन तिथंच असतं, फक्त जाणवत नाही. आणि कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, त्यामुळं दहाचा चहा दोनला पण काम करूलालाय. परीक्षेआधी अकराला झोप, राहिलेला धडा राहू दे.

मुलीनं विचारलं नाहीय पण दरवर्षी कोणी ना कोणी दबक्या आवाजात विचारतंच, परीक्षेच्या महिन्यात पाळी पुढं जाते, काही झालंय का. ताणाचं सीआरएच आणि पाळीचं जीएनआरएच ही दोन्ही हार्मोन्स हायपोथॅलॅमसमधूनच निघतात, आणि ताण वाढला की जीएनआरएच दबतो, मग एफएसएच-एलएच कमी, अंडं उशिरा, पाळी उशिरा. जेवण तोडलं, झोप तोडली की अजून. एखाद्या महिन्यात असं झालं तर घाबरू नये, तीन महिने आलीच नाही किंवा खूप जास्त जातंय तर डॉक्टरकडं जायचं, देवाला कौल लावत बसायचं नाही.

आणि यातूनच टॉनिकचा विषय येतो. धडधाकट पोरीची मेमरी वाढवणारी बाटली मला माहीत नाही. त्या पैशात हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्याकडं पोरी सकाळी चहा-टोस्टवर बस धरतात, दुपारी डबा अर्धा परत, आणि पाळीत रक्त जातं ते वेगळंच. तुझ्या वयाच्या मुलीत हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात, थकवा येतो, धाप लागते, वाचताना लक्ष टिकत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झालीय. हे गोळ्यांनी बरं होतं, डॉक्टरनं सांगितल्या तर घे, लोहाच्या गोळ्या जेवणानंतरच्या चहाबरोबर मात्र नको, चहातल्या टॅनिननं लोह कमी शोषलं जातं. त्याबरोबर थायरॉइड आणि डोळ्यांचा नंबर बघून घ्या. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही म्हणून मागं पडलेली पोरं मी बघितलीयत, चष्मा लागला आणि मार्क वाढले.

मानसिक आजार आहे का, तर तू लिहिलंस तेवढ्यावरून तरी नाही, परीक्षेची भीती म्हणजे आजार नाही. पण परीक्षा नसतानाही रोज छातीत धडधड, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जाईना, आवडीच्या गोष्टीत मन लागेना, कॉलेजला जायचंच टाळायला लागलीस, किंवा जगूच नये असं मनात आलं, तर मग थांबायचं नाही. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ पासून चालू केलाय, बेंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था त्याचं समन्वयाचं काम बघते, फुकट आहे, दिवसरात्र आहे. गावात लोक काय म्हणतील याची काळजी असते म्हणून सांगते, फोन करायला कुठं जावं लागत नाही.

मन आणि मेंदू कशात बसतं म्हणालीस. दोन्हीत. अ‍ॅड्रिनल ग्रंथी बायोलॉजीच्या पेपरात येते, आणि प्रश्नपत्रिका म्हणजे धोका असं तिला कुणी शिकवलं हे सायकॉलॉजी सांगते. कागद बघून गाईचं हृदय पळत नाही, तुझं पळतं, कारण त्या कागदाला घरचे, मार्क, सीट, फी हे सगळं चिकटलंय. एकाच घटनेकडं दोन खिडक्यांतून बघायचं आणि दोन्हीतलं जमलं पाहिजे. कर्नाटकात सायकॉलॉजीची परंपरा जुनी आहे हेही सांगते, म्हैसूर विद्यापीठात सायकॉलॉजीचे प्रोफेसर होते एम. व्ही. गोपालस्वामी, त्यांनीच १९३५ मध्ये म्हैसुरात स्वतःच्या हौसेनं आकाशवाणी नावाचं रेडिओ स्टेशन चालू केलं. सायकॉलॉजीवाले फक्त वेड्यांचे डॉक्टर म्हणणाऱ्यांना हे सांगत जा.

आता डिग्रीचं. इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून नीट वाच. गोळ्या लिहून देणारा सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग सायकियाट्रीत पीजी, तिकडं नीट (NEET) या प्रवेश परीक्षेशिवाय वाट नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर सायकॉलॉजी घेऊन पीजी, त्यापुढंही शिक्षण, आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, म्हणजे वर्षं बरीच जातात आणि मधे पगार नाही, घरी हे आधी स्पष्ट बोला. नुसती तीन वर्षांची डिग्री घेऊन पाटी लावून बसता येत नाही. नर्सिंगमध्ये नोकरी लवकर मिळते हे घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही, आणि बीएस्सी नर्सिंगला सायकॉलॉजी विषय असतोच, पुढं मेंटल हेल्थ नर्सिंगचाही पेपर असतो, त्यातच पुढं एमएस्सी सायकियाट्रिक नर्सिंग करता येतं. म्हणजे घरात जे भांडण चाललंय ते वाटतं तेवढं मोठं नाही, दोन्ही फॉर्म भर, सीट कुठं लागते बघ आणि मग बसून ठरवा.